लाल पडलेली हुमणी आणि सात मण्यांची माळ

आमच्या वाळवा-शिराळ्याकडं ऊस मधेच पिवळा पडून वाळायला लागला की जुनी माणसं आधी बुडखा धरून हलवतात. ऊस अलगद उपटून हातात आला की समजायचं, खाली हुमणी आहे. माती उकरली की पांढरट, जाडजूड, अर्धगोल वळलेली अळी सापडते. सगळी मुळं तिनं खाल्लेली असतात. जमिनीत खोल बसलेली ही अळी फवारणीला सहजासहजी दाद देत नाही, म्हणून बरेच शेतकरी आता मित्र सूत्रकृमी वापरतात. हे सूत्रकृमी म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक किडे. ते पाण्यात कालवून, जमिनीत ओल असताना मुळांपाशी सोडायचे, बाकीचं काम ते स्वतःच करतात.

मागच्या पावसाळ्यात मामांच्या रानात अशी एक मेलेली हुमणी मी तळहातावर घेऊन बघितली. पांढऱ्या अळीचा रंग विटेसारखा लाल झाला होता. त्याहून नवल वासाचं वाटलं. पावसाळ्यात ओल्या मातीत पडलेली मेलेली अळी एरवी दोन दिवसांत सडून घाण वास मारते. हिला वास नव्हता, ती फुटली नव्हती, तिला बुरशीही लागली नव्हती.

ती का सडत नाही, या प्रश्नाच्या उत्तरात गेल्या काही वर्षांतलं औषधशास्त्रातलं एक फार आशेचं काम दडलेलं आहे.

हुमणीला प्रत्यक्षात मारतो तो सूत्रकृमीच्या आतड्यात राहणारा जीवाणू. हेटरोऱ्हॅब्डायटिस कुळातले सूत्रकृमी फोटोऱ्हॅब्डस नावाचे जीवाणू पोटात घेऊन फिरतात. आपल्याकडं वापरली जाणारी हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात १९९२ साली कोईमतूरच्या मातीतून नोंदवली गेली. सूत्रकृमी अळीच्या अंगात शिरतो आणि जीवाणू तिच्या रक्तात सोडतो. दोन दिवसांत अळी मरते. मग तिच्या शरीरात जीवाणू वाढतात, ते खाऊन सूत्रकृमी वाढतात आणि शेवटी हजारोंनी बाहेर पडतात. तोवर हे भरलेलं ताट मातीतल्या इतर जीवाणू-बुरशींपासून सांभाळायला हवं. त्यासाठी फोटोऱ्हॅब्डस वेगवेगळी रसायनं बनवतो. ती परक्या जीवाणूंना मारतात आणि ज्याच्या पोटात राहायचं त्या सूत्रकृमीला धक्का लावत नाहीत.

बॉस्टनमधल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस यांच्या गटानं नेमकं हेच हेरलं. शत्रू जीवाणूला मारणारं पण सजीव प्राण्याच्या पेशींना न दुखावणारं रसायन, म्हणजेच चांगलं अँटिबायोटिक. मग जिथं निसर्गानं ही अट लाखो वर्षं पाळून घेतली आहे, तिथंच शोधावं. त्यांनी फोटोऱ्हॅब्डस आणि त्याच्या भाऊबंदांचे वेगवेगळे वाण तपासले. त्यांतून २०१९ साली एक नवं रसायन जगासमोर आलं. त्याचं नाव डारोबॅक्टिन, सात मण्यांची एक छोटी माळ.

एवढ्या लहान गोष्टीचं मला इतकं अप्रूप का, ते सांगायला एका कागदाची आठवण काढावी लागेल. काही वर्षांपूर्वी माझी मावशी आयसीयूत होती. तिच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट माझ्या हातात आला. वर जीवाणूचं नाव होतं, क्लेबसिएला. खाली अँटिबायोटिकांची यादी आणि प्रत्येकापुढं एक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडतं, ‘आर’ म्हणजे जीवाणू त्याला जुमानत नाही. पानभर आर, आर, आर. तळाशी एकच औषध शिल्लक होतं, कोलिस्टिन. डॉक्टरांनी ते सुरू केलं आणि त्याच दिवसापासून रोज क्रिएटिनिन बघायला सुरुवात केली, कारण कोलिस्टिन मूत्रपिंडांवर फार ताण देतं. मावशी त्यातून उठली. ज्यांच्या रिपोर्टवर तो शेवटचा एसही नसतो, त्यांचं काय होतं हे आयसीयूबाहेर रात्र काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

क्लेबसिएला, ई. कोलाय, ॲसिनेटोबॅक्टर, सुडोमोनास या जीवाणूंना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात. त्यांचा बंदोबस्त अवघड, कारण त्यांना दुहेरी तट असतो. पेशीभोवतीच्या नेहमीच्या पडद्याबाहेर आणखी एक पडदा असतो आणि बहुतेक औषधं त्या बाहेरच्या पडद्यावरच अडकतात. या जीवाणूंवर चालणारा अँटिबायोटिकांचा नवा वर्ग दवाखान्यात येऊन अर्धशतकाहून जास्त काळ लोटला आहे. डारोबॅक्टिनला आत शिरायची गरजच पडत नाही. बाहेरच्या पडद्यात बॅमए नावाचं एक प्रथिन असतं. तटात दारं-खिडक्या बसवणारा सुतारच म्हणा. डारोबॅक्टिन त्याच्या एका बाजूच्या फटीत जाऊन चपखल बसतं आणि सुतारकाम थांबतं. नवी दारं बसत नाहीत, तट ढासळतो, जीवाणू मरतो. माणसाच्या पेशीला असा तटच नसतो. उंदरांना ई. कोलाय, क्लेबसिएला आणि सुडोमोनासचा संसर्ग करून डारोबॅक्टिन दिलं, तेव्हा ते वाचले.

आता ही माळ म्हणजे काय ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सजीवांमधली प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. हे वीस प्रकारचे मणी. मण्यांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो आणि रायबोसोम नावाचं पेशीतलं यंत्र तो वाचून एकेक मणी ओवत जातं. शेकडो मण्यांची लांब माळ झाली की प्रथिन, थोड्याच मण्यांची झाली की पेप्टाइड. इन्सुलिन ५१ मण्यांचं असतं, डारोबॅक्टिन फक्त सात.

पण नुसत्या सरळ छोट्या माळेत औषधाचा गुण क्वचितच असतो. सुतळीचा मोकळा तुकडा कुलपात घालून बघा. तो वाकतो, दुमडतो, आत जात नाही. लक्ष्याच्या खाचेत बसायला आकार पक्का लागतो. शिवाय मोकळी माळ रक्तात किंवा पोटात गेली की तिथली एन्झाइमं, म्हणजे जोडतोडीची कामं करणारी प्रथिनं, तिचे चटकन तुकडे करतात. म्हणून जीवाणू माळ ओवल्यावर थांबत नाहीत. ते तिला गाठी मारतात. दोन मणी एकमेकांना जोडून कडी तयार करतात. डारोबॅक्टिनमध्ये पहिला मणी तिसऱ्याशी आणि तिसरा पाचव्याशी बांधलेला असतो. या दोन्ही गाठी दार-ई नावाचं एकच एन्झाइम मारतं. त्यामुळं ती सुतळी किल्लीसारखी ताठ होते आणि बॅमएच्या फटीत बसते.

ही गाठी मारायची रीत सगळ्यात चांगली समजली आहे ती नायसिनमुळं, आणि नायसिन आपल्या ओळखीच्या घरातलं आहे. लॅक्टोकोकस लॅक्टिस हा जीवाणू दुधाचं दही करणाऱ्यांपैकी एक. विरजणात तो बरेचदा असतो. त्याचे काही वाण इतर जीवाणूंना वाढू देत नाहीत, हे १९२८ मध्ये लक्षात आलं. ते ज्या पदार्थामुळं घडतं तो नायसिन. अन्न टिकवायला तो जगभर वापरला जातो. चीज स्प्रेडच्या डब्यावर बारीक अक्षरांत आयएनएस २३४ असं दिसलं, तर ते नायसिनच.

नायसिन कसं बनतं ते जवळून बघण्यासारखं आहे. जीवाणूचं रायबोसोम आधी ५७ मण्यांची माळ ओवतं. तिचे शेवटचे ३४ मणी म्हणजे खरं नायसिन. सुरुवातीचे २३ मणी औषधात कुठंच नसतात, मग ते कशाला? ती मूठ आहे. निस-बी नावाचं एन्झाइम ती मूठ धरतं आणि पुढच्या माळेतल्या सेरीन आणि थ्रिओनिन या मण्यांतून पाण्याचा रेणू काढून घेतं. असे मणी मग जोडायला उतावीळ होतात. त्यानंतर निस-सी येतं आणि त्या मण्यांना सिस्टीन या गंधकवाल्या मण्यांशी जोडून पाच कड्या तयार करतं. तिसरं प्रथिन माळ पेशीबाहेर नेतं. बाहेर गेल्यावर चौथं ती मूठ कापून टाकतं, तोडलेल्या उसाचं वाढं छाटावं तशी.

मूठ अशी शेवटी, घराबाहेर गेल्यावरच कापण्यात फार शहाणपण आहे. मूठ असते तोवर नायसिन विषारी नसतं, म्हणून ते बनवणारा जीवाणू स्वतःच मरत नाही. मूठ तुटली की ते दुसऱ्या जीवाणूवर जातं. तिथं भिंत बांधायच्या विटा वाहून आणणारा लिपिड-२ नावाचा रेणू ते घट्ट पकडतं आणि पडद्याला भोकं पाडतं. भिंत बांधणं थांबतं आणि पेशी गळायला लागते, एकाच माळेचे दोन वार.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की एन्झाइम मूठ ओळखतं, पुढच्या माळेतल्या प्रत्येक मण्याची चौकशी करत बसत नाही. म्हणजे मूठ तीच ठेवून पुढचे काही मणी बदलले तरी एन्झाइम नेहमीसारखं गाठी मारत जातं. आणि मणी बदलायचा तर जनुकातली एक ते तीन अक्षरं बदलायची, बस. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी नायसिनचा फक्त २१ वा मणी बदलला. मेथिओनिन काढून व्हॅलिन बसवलं. हे ‘नायसिन व्ही’ लिस्टेरियासारख्या जीवाणूंवर मूळ नायसिनपेक्षा जास्त जोरकस निघालं. ३४ पैकी फक्त एक मणी बदलला होता.

इथं एक फरक सांगायला हवा, नाहीतर गोंधळ होईल. सगळी जीवाणूजन्य पेप्टाइडं रायबोसोमवर ओवली जात नाहीत. मावशीला दिलेलं कोलिस्टिन पेप्टाइडच आहे आणि तेही मातीतल्या एका जीवाणूनं बनवलेलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन बुरशीनं बनवलेलं ११ मण्यांचं पेप्टाइड. पेनिसिलीनची सुरुवातसुद्धा तीन मण्यांच्या माळेनं होते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि तिच्या टाक्यांत पेनिसिलीन बनू लागलं, तेव्हा त्या टाक्यांमधली बुरशी हेच करत होती. पण या माळा ओवणारी एन्झाइमं अवाढव्य असतात. कारखान्यातल्या रांगेसारखी, प्रत्येक मण्याला एक वेगळं खातं. एक मणी बदलायचा तर अख्खं खातं उखडून नवं बसवावं लागतं आणि बरेचदा त्यानंतर रांगच बंद पडते. त्यामुळं पेप्टाइडं हवी तशी घडवायची असतील, तर नायसिन-डारोबॅक्टिनच्या वाटेनं जाणं कितीतरी सोपं.

सोपं म्हणजे किती, याचा हिशेब करून बघू. डारोबॅक्टिनमध्ये सात जागा आणि वीस प्रकारचे मणी. सगळ्या जागा मोकळ्या सोडल्या तर १२८ कोटी माळा होतात. गाठींसाठी लागणारे तीन मणी आहेत तसेच ठेवले, तरी उरलेल्या चार जागांवर १ लाख ६० हजार माळा शक्य आहेत. रसायनशाळेत यातली एकेक माळ हातानं बनवायची म्हटली तर पिढ्या सरतील, त्यात त्या गाठी हातानं मारणं तर फारच किचकट. जीवाणूला मात्र नवं जनुक दिलं की तो रातोरात बनवून देतो.

फक्त हे काम फोटोऱ्हॅब्डसकडून करून घेता येत नाही. तो आपल्या सोयीनं वागतो. प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवला की त्याची ही जनुकं बहुतेक वेळ गप्प बसतात आणि डारोबॅक्टिन अगदी थोडं मिळतं. त्याला हुमणीचं शरीर हवं, सूत्रकृमीचा सहवास हवा. म्हणून ही जनुकं उचलून ई. कोलायमध्ये बसवली जातात. ई. कोलाय ही प्रयोगशाळांमधली सवयीची बैलजोडी. तिला काय खायला घालायचं, किती तापमान ठेवायचं, जनुक कधी चालू करायचं हे सगळं ठाऊक आहे. याच जीवाणूत १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक घालून पहिल्यांदा इन्सुलिन बनवलं गेलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. त्याआधी डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढावं लागायचं. आज आपल्या घराघरांत फ्रिजच्या दारात ठेवलेलं इन्सुलिन ई. कोलाय किंवा यीस्टनंच बनवलेलं असतं.

इन्सुलिनच्या वेळी मात्र माणसाचंच पेप्टाइड जसंच्या तसं बनवायचं होतं. आता निसर्गात कधी नव्हतंच असं पेप्टाइड बनवून बघता येतं. जर्मनीत झारब्रुकेनच्या संशोधकांनी डारोबॅक्टिनची जनुकं ई. कोलायमध्ये बसवली, माळेतले काही मणी बदलले आणि एकेक रूप तपासलं. बहुतेक रूपं मूळ रेणूपेक्षा कमकुवत निघतात, हे या कामात चालायचंच. पण डी-२२ नावाचं रूप मूळ डारोबॅक्टिनपेक्षा सरस ठरलं आणि ॲसिनेटोबॅक्टरवरही त्याचा चांगला परिणाम दिसला. ॲसिनेटोबॅक्टर म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा जुना वैरी. आयसीयूतल्या कोणत्याही नर्सला विचारा, ती हे नाव ऐकून गप्प होईल.

दुसऱ्या बाजूनं अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात विल्फ्रेड व्हान डर डोंक यांच्या गटानं नायसिनच्या कुळातल्या पेप्टाइडांवर फार काम केलं आहे. समुद्रात राहणाऱ्या प्रोक्लोरोकॉकस या सूक्ष्म जीवात प्रॉकएम नावाचं एन्झाइम असतं. हे एकटंच जवळपास ३० वेगवेगळ्या माळांना गाठी मारतं. मणी वेगळे, लांबी वेगळी, तरी त्याला चालतं. इतकं समजूतदार एन्झाइम हाताशी आल्यावर संशोधकांनी ते ई. कोलायमध्ये बसवलं, पुढच्या माळेतले मणी मुद्दाम उलटसुलट केले आणि सुमारे दहा लाख वेगवेगळी गाठवलेली पेप्टाइडं बनवली. त्यांतून त्यांनी एचआयव्हीचं एक प्रथिन आणि माणसाचं एक प्रथिन यांची गाठ पडू न देणारं पेप्टाइड वेगळं काढलं. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे या रीतीचा उपयोग फक्त अँटिबायोटिकांपुरता नाही. जिथं दोन प्रथिनांच्या मधे पाचर मारायची आहे, तिथं अशी छोटी ताठ माळ कामाला येते.

अडचणी कमी नाहीत. पहिली अडचण यजमानाची. ई. कोलायला मारणारं औषध ई. कोलायकडूनच बनवून घ्यायचं, तर तो मरणार नाही अशी तजवीज हवी. इथं ती मूठ कामी येते. काही वेळा मूठ कापायचं काम पेशीतून माल बाहेर काढल्यावर, बाटलीत केलं जातं. दुसरी अडचण जुळणीची. जनुक उपरं, एन्झाइमही उपरं, त्यामुळं कधी माळ ओवली जाते पण गाठी अर्ध्याच पडतात. तसला अर्धवट माल वेगळा काढण्यात महिने जातात.

आणि तिसरी अडचण आपल्या शरीराची. नायसिनचंच बघा. ते अन्नात निर्धोक आहे त्याचं एक कारण हे, की पोटात गेल्यावर आपली पाचक एन्झाइमं त्याचे तुकडे करतात. पण गोळी म्हणून ते देता येत नाही, तेही त्याच कारणानं. रक्तात ते नीट विरघळतही नाही. म्हणून इतकी वर्षं अन्नात वापरलं जाऊनही ते रुग्णाच्या सलाइनपर्यंत पोचलेलं नाही. पेप्टाइड औषध बनवताना जीवाणू मारण्याइतकंच हेही बघावं लागतं, की ते शरीरात किती वेळ टिकतं, मूत्रपिंडांवर साठतं का, रक्तपेशी फोडतं का. हे सगळं एका मण्याच्या फरकानं बदलू शकतं, म्हणून तर इतक्या माळा बनवून बघायच्या.

डारोबॅक्टिनच्या सुधारित रूपांचा परिणाम उंदरांमध्ये दिसला आहे. दवाखान्यातल्या कपाटापर्यंतचा रस्ता त्यांना अजून चालायचा आहे. मावशीच्या रिपोर्टवर ते नाव नव्हतं, आजच्या रिपोर्टवरही नसतं. त्या यादीच्या तळाशी एक नवी ओळ आणि तिच्यापुढं एस, एवढं मला माझ्या हयातीत बघायचं आहे.

त्या दिवशी मामांना मी हे सगळं बांधावर बसून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग माझ्या तळहातावरची ती लाल हुमणी उचलली आणि उसाच्या बुडाशी चार बोटं माती उकरून परत पुरली. म्हणाले, ‘‘अजून फुटली नाही ती. आठ-दहा दिवसांत आतनं किडं भाईर पडत्यात आणि शेजारची हुमणी धरत्यात. वर टाकलीस तर उन्हानं वाळून जाईल.’’